निहाली : सातपुड्यातली एकटी भाषा

भाषाकुलांचा धडा शिकवताना फळ्यावर झाड काढण्याची जुनी रीत आहे. एक मोठे खोड, त्याच्या फांद्या, फांद्यांना डहाळ्या. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, बंगाली, पंजाबी या एका फांदीवर. फारसी शेजारच्या फांदीवर. इंग्रजी, फ्रेंच, रशियन जरा लांबच्या फांद्यांवर, पण झाड तेच. दुसरे झाड द्राविडी भाषांचे : तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, आणि आपल्याकडची गोंडी. तिसरे अरबी, हिब्रू यांचे. चौथे कोरकू, संथाळी, मुंडारी यांचे. मुलांना हे आवडते, कारण प्रत्येकाला आपापली भाषा कोणाची चुलत बहीण आहे ते सापडते.

पण जगात काही भाषा अशा आहेत की त्यांना कोणत्याच झाडावर जागा नाही. त्यांना बहीण नाही, चुलत बहीण नाही, आईचा पत्ता नाही. भाषाशास्त्रात त्यांना एकाकी भाषा म्हणतात. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध म्हणजे युरोपातली बास्क. आणि तशीच एक भाषा आपल्या महाराष्ट्रात, बुलढाणा जिल्ह्यात बोलली जाते. कोपरगावहून निघालो तर एसटीने एका दिवसात पोहोचता येईल इतक्या अंतरावर. तिचे नाव निहाली. बास्कवर शेकडो पुस्तके आहेत. निहालीचे नाव महाराष्ट्रातल्या किती भाषाशिक्षकांनी ऐकले असेल, हा प्रश्नच आहे. म्हणून हा लेख.

आधी बास्क थोडक्यात पाहू, म्हणजे निहालीचे मोल कळेल.

स्पेन आणि फ्रान्स यांच्यामध्ये पिरेनीज पर्वत आहे. त्याच्या पश्चिम टोकाला, समुद्राला लागून बास्क लोक राहतात. ते आपल्या भाषेला एउस्कारा म्हणतात. आजूबाजूला सगळीकडे लॅटिनच्या लेकी : स्पॅनिश, फ्रेंच. मधेच ही एक भाषा, जिचे नाते लॅटिनशी नाही, ग्रीकशी नाही, कोणाशीच नाही. रोमन लोक त्या भागात आले तेव्हाही ती तिथे होतीच. दक्षिण-पश्चिम फ्रान्समध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे लॅटिन लिपीतले शिलालेख सापडले आहेत. त्यांतली माणसांची नावे आजच्या बास्क शब्दांनी उलगडतात. 'नेस्कातो' हे एका स्त्रीचे नाव, आणि आजही बास्कमध्ये त्याचा अर्थ मुलगी. 'किसोन' हे पुरुषाचे नाव, आज 'गिझोन' म्हणजे पुरुष. रोमन साम्राज्य आले आणि गेले, लॅटिनने स्पेनमधल्या बाकीच्या जुन्या भाषा गिळल्या, ही एक उरली.

अंदलुसचा इतिहास वाचणाऱ्यांना हे लोक ओळखीचे आहेत. अरबी बखरींमध्ये त्यांना 'बश्कुंस' म्हटले आहे. सन ७११ मध्ये तारिक बिन झियाद स्पेनच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा तिथला राजा रॉडरिक उत्तरेत याच लोकांशी लढण्यात गुंतला होता, असे जुने वृत्तांत सांगतात. पुढे कुर्तुब्याचा खलिफा दुसरा हकम, ज्याचे ग्रंथालय जगप्रसिद्ध होते, त्याच्या मुलाची आई सुब्ह ही बास्क होती. भाषेतही ही जवळीक राहिली. बास्कमध्ये बाजाराला 'अझोका' म्हणतात. उर्दू-अरबी जाणणाऱ्याने हा शब्द दोनदा म्हणून पाहावा. अरबी 'अस्-सूक', तोच हा. गावच्या नगराध्यक्षाला तिथे 'अल्काते' म्हणतात, त्याचे मूळ 'अल्-काझी'. दोन्ही शब्द स्पॅनिशच्या हातून तिथे पोहोचले.

आणि लॅटिन शब्द तर ढिगाने. पुस्तक 'लिबुरू', राजा 'एरेगे', शांतता 'बाके', सगळे लॅटिनमधून आलेले. म्हणजे एकाकी भाषा म्हणजे शुद्ध भाषा नव्हे. शेजाऱ्यांकडून तिने हजारो शब्द घेतले. पण तिचे आकडे, तिची सर्वनामे, तिचे व्याकरण हे आतले घर तिचे स्वतःचे राहिले. बास्क मोजणी विसाविसाची आहे. चाळीस म्हणजे 'दोन वीस', साठ म्हणजे 'तीन वीस', ऐंशी म्हणजे 'चार वीस'. आपल्या खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांनाही हे परके वाटणार नाही. 'तीन विसा आणि वर पाच' असा हिशेब आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने केलेला आहे.

आता सातपुड्यात येऊ.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जळगाव जामोद आहे. खानदेशातल्या जळगावशी गल्लत होऊ नये म्हणून शेजारच्या जामोद गावाचे नाव त्याला जोडले गेले. त्याच्या मागे सातपुड्याच्या रांगा सुरू होतात आणि पलीकडे मध्य प्रदेशातला बुऱ्हाणपूर जिल्हा. या डोंगरपट्ट्यात जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा, अंबावारा, वसाली, चिचारी या गावांत आणि पलीकडे टेंबी गावाच्या परिसरात निहाल समाजाची वस्ती आहे. त्यांची लोकसंख्या काही हजार. भाषा बोलणारे दोन ते अडीच हजारांच्या आसपास, असा अंदाज अभ्यासक देतात. तिला लिपी नाही. तिच्यात वर्तमानपत्र नाही, शाळा नाही, रेडिओवर तिचा कार्यक्रम नाही.

तिच्या शेजारी कोण कोण आहे ते पाहा. एका बाजूला मराठी, तिची वऱ्हाडी बोली. दुसऱ्या बाजूला निमाडी आणि हिंदी. डोंगरात कोरकू, जी मुंडा कुळातली आहे आणि सात लाखांहून अधिक लोक बोलतात. थोड्या अंतरावर गोंडी, द्राविडी कुळातली. म्हणजे भारतातल्या तीन मोठ्या भाषाकुलांची सीमा जिथे एकमेकींना भिडते, नेमक्या त्या जागी ही चौथी, बिनकुळाची भाषा उभी आहे.

भाषा वेगळी आहे हे कसे ओळखतात? बाजारातल्या शब्दांवरून नाही. साबण, मोबाईल, तिकीट हे शब्द सगळीकडे सारखेच. ओळखायचे ते चुलीपाशी आणि अंगाखांद्यावर असणाऱ्या शब्दांवरून : पाणी, आग, डोळा, पान, मी, तू. आपण 'पाणी' म्हणतो. कन्नड माणूस 'नीरु' म्हणतो. कोरकू माणूस 'डा' म्हणतो. निहाली माणूस म्हणतो 'जोप्पो'. आगीला तो 'आपो' म्हणतो. स्वतःला 'जो' म्हणतो. हे शब्द मराठीत नाहीत, कोरकूत नाहीत, गोंडीत नाहीत. कोणत्या भाषेतून आले, कोणी सांगू शकलेले नाही.

सगळ्यात बोलकी आहे तिची मोजणी. एकला निहालीत 'बिडुम' म्हणतात. हा शब्द तिचा स्वतःचा, कोरकूत एकला 'मिया' म्हणतात. दोन म्हणजे 'इरार', तीन म्हणजे 'मोथो', चार म्हणजे 'नालो'. हे तीन ऐकून कर्नाटकच्या सीमेवरचा वाचक लगेच म्हणेल, हे तर आमच्या 'एरडु, मूरु, नाल्कु'चे भाऊ. बरोबर आहे, हे तीन आकडे द्राविडी आहेत. आणि पाचपासून पुढे मराठी-हिंदीसारखे आकडे सुरू होतात.

एका हाताच्या पाच बोटांवर एका समाजाचा इतिहास मोजून झाला. पहिले बोट त्यांचे स्वतःचे, कोणत्या काळातले ते माहीत नाही. पुढची तीन बोटे सांगतात की कधीतरी या लोकांचा द्राविडी भाषा बोलणाऱ्यांशी जवळचा, देवाणघेवाणीचा संबंध होता. पाचवे बोट सांगते की नंतर आपल्या भाषांचा बाजार त्यांच्या डोंगरापर्यंत पोहोचला. आणि मधल्या काळात कोरकू शेजाऱ्यांकडून त्यांनी इतके शब्द आणि प्रत्यय घेतले, की वरवर पाहणाऱ्याला ती कोरकूचीच बोली वाटावी.

आणि तसे वाटलेही. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुंडा आणि द्राविडी भाषा आहेत. प्रत्येक भाषेचा नमुना म्हणून बायबलमधली उडाऊ मुलाची गोष्ट त्या त्या भाषेत लिहून घेण्याची त्या सर्वेक्षणाची पद्धत होती. निमाडमधून 'नाहाली'चाही नमुना आला. तिची नोंद झाली ती कोरकूच्या शेजारी, मिसळ झालेली आणि मागे पडत चाललेली बोली म्हणून.

पन्नास वर्षांनी मानववंशशास्त्रज्ञ सुधीभूषण भट्टाचार्य यांनी प्रत्यक्ष जाऊन शब्द गोळा केले आणि १९५७ साली आपली टिपणे छापली. ती टिपणे आणि जुना नमुना घेऊन नेदरलँड्समधले संस्कृतचे विद्वान एफ. बी. जे. कायपर बसले. एकेक शब्द उचलायचा, कोरकूत आहे का पाहायचे, द्राविडीत आहे का पाहायचे, मराठी-हिंदीत आहे का पाहायचे. १९६२ साली त्यांचे पुस्तक आले. कोरकू शब्द वेगळे केले, द्राविडी वेगळे केले, आर्य भाषांतले वेगळे केले, तरी सुमारे एक चतुर्थांश शब्द चाळणीत उरले, ज्यांचा ठाव कुठेच लागत नव्हता. आणि उरले ते नेमके चुलीपाशी असणारे शब्द. कायपर यांनी शक्यता मांडली की हा आपल्या आजच्या सगळ्या भाषाकुलांच्या आधीच्या एखाद्या लोकसमूहाच्या भाषेचा अवशेष असावा. त्यांनी ठाम निकाल दिला नाही, हेही सांगायला हवे. ही भाषा मुळात मुंडाच असेल, हा पर्याय त्यांनी उघडा ठेवला होता. आज मुंडा भाषांचे जाणकार ती मुंडा नाही, यावर एकमत आहेत.

आपल्याकडच्यांनीही काम केले आहे. आशा मुंडले यांनी निहाली लोकांत राहून अनेक वर्षे शब्दसंग्रह केला, त्यांचा निहाली शब्दकोश १९९६ साली प्रसिद्ध झाला. के. एस. नागराज यांचे निहालीचे व्याकरण, कथा आणि शब्दसंग्रह असलेले पुस्तक म्हैसूरच्या केंद्रीय भारतीय भाषा संस्थेने २०१४ साली काढले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे शैलेंद्र मोहन यांनी निहाली बोलणाऱ्यांचे ध्वनिमुद्रण आणि दस्तऐवजीकरण केले. ही नावे मुद्दाम देतो आहे. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी ती शोधून वाचावीत.

आता प्रश्न येतो, ही भाषा इतकी अज्ञात का राहिली? त्याचे उत्तर भाषेत कमी आणि सत्तेच्या इतिहासात जास्त आहे.

बुऱ्हाणपूर हे नाव घेतले की आपल्या मनात काय येते? फारुकी सुलतानांची राजधानी. खुलदाबादला ज्यांची दर्गाह आहे त्या बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने वसवलेले शहर. तिथल्या जामा मशिदीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस कोरलेला लेख अरबीबरोबर संस्कृतमध्येही आहे. मशिदीत संस्कृत शिलालेख, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवे. त्या शहरात अरबी होती, फारसी होती, संस्कृत होती, बाजारात गुजराती, मराठी, दखनी होती. पण त्याच शहराच्या मागच्या डोंगरात एक भाषा होती, जी या सगळ्यांहून बहुधा जुनी, आणि तिचे एक अक्षरही कोणी कुठे कोरले नाही. ज्यांच्या हातात लेखणी आणि छिन्नी होती, त्यांना ती भाषा ऐकू आली नाही.

त्यांना ऐकू आले ते फक्त लुटारू. सातपुड्याच्या पश्चिम भागातल्या डोंगरी टोळ्यांसाठी जुन्या कागदपत्रांत 'नाहाल, भिल्ल, कोळी' असा ठरलेला शब्दप्रयोग येतो, असे रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ सालच्या आपल्या मोठ्या ग्रंथात नोंदवले आहे. त्याच ठिकाणी आणखी एक नोंद आहे, ती वाचून थांबावे लागते. निमाडमधल्या जीतगड आणि मोहकोटच्या राजाच्या वंशावळीत त्याच्या पूर्वजाने अकबराच्या काळात नाहालांच्या एका अख्ख्या जमातीची दगा देऊन कत्तल केल्याची हकीकत आहे, आणि त्या कामगिरीबद्दल जीतगड परगणा घराण्याला मिळाला. कत्तल ही वंशावळीत लिहून ठेवण्यासारखी, इनाम मिळवून देणारी गोष्ट होती. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नॉर्मन झाइड एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला झालेल्या अशाच एका कत्तलीचा उल्लेख करतात. समाज त्यानंतर मोडला, विखुरला, आणि उरलेले लोक कोरकूंच्या आश्रयाने, बहुतेक मजुरी करून जगू लागले.

अशा समाजाने आपल्या भाषेचे काय केले असेल? ती लपवली. सुरुवातीच्या संशोधकांना निहाल लोकांनी भाषा शिकवायला नकार दिला किंवा मुद्दाम चुकीचे सांगितले, असे दिसते. कोरकूशी कोरकू बोलायचे, मराठ्याशी मराठी, हिंदीवाल्याशी हिंदी, आणि परक्याला कळू नये असे काही असेल तेव्हा निहाली. म्हणून काही जणांनी तिला चोरांची गुप्त भाषा म्हटले. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. ज्याच्या घराला दार नाही, त्याने भाषेलाच दार केले. ज्यांच्या पूर्वजांची कत्तल ही दुसऱ्याच्या वंशावळीतली शोभा आहे, त्यांना चार शब्द खासगी ठेवण्याचा हक्क आहे. एखाद्या जमातीला गुन्हेगार ठरवून मग तिच्या बोलण्याला 'गुप्त' म्हणणे सोपे असते. आणि अशा शिक्क्यांचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आज शिक्का बदलला आहे, पण अदृश्यता तीच. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत निहाल समाज आहे, पण स्वतंत्र नोंदीने नाही. कोरकूच्या नोंदीत, 'कोरकू, बोपची, मौआसी, निहाल, नाहुल, बोंधी, बोंडेया' असा. म्हणजे दाखल्याचा प्रश्न सुटतो, सवलती मिळतात, हे चांगलेच आहे. पण कागदावर त्यांचे वेगळेपण कोरकूच्या पोटात जाते. जनगणनेचेही तसेच. १९७१ पासून दहा हजारांपेक्षा कमी लोक बोलतात अशा भाषांची स्वतंत्र आकडेवारी जाहीर केली जात नाही. निहाली बोलणारे अडीच हजार. म्हणजे देशाच्या हिशेबात त्या 'इतर' मध्ये. ज्या भाषेमुळे भारताचा सगळ्यात जुना भाषिक थर कळण्याची आशा आहे, तिला भारताच्या तक्त्यात ओळ नाही.

इथे मला आपल्या वाचकांशी थोडे घरचे बोलायचे आहे.

शाळेत प्रवेश घेताना अर्जात 'मातृभाषा' असा रकाना असतो. आपल्या मुस्लिम घरांतले पालक तिथे बहुतेक वेळा उर्दू लिहितात. काही मराठी लिहितात. पण मूल घरी बोलते ते 'मेरेकू नक्को', 'कायकू गया', 'मैंच बोल्या'. ही दखनी. तिच्यातला 'नक्को' मराठी 'नको'तून आलेला आणि तिच्यातला 'च' तर सरळ मराठीचा. 'मैंच' म्हणजे 'मीच'. लखनौच्या उर्दूत हा 'च' शोधून सापडणार नाही. कोपरगावच्या मोहल्ल्यात जन्मलेल्या मुलाच्या तोंडात गोदावरीकाठची मराठी आणि उत्तरेची हिंदवी कशी एकमेकींत गुंतली, ते या एका अक्षरात दिसते. आणि तरी रकान्यात दखनीचे नाव येत नाही. वर्गात आले की मूल उर्दूच्या तासाला 'चुकीची उर्दू' बोलते आणि मराठीच्या तासाला 'चुकीची मराठी'. बी.एड.मध्ये आम्हाला शिकवतात की परिचिताकडून अपरिचिताकडे जा. मुलाला सर्वांत परिचित असते ती घरची बोली, आणि शाळेच्या दारात आधी तिलाच चपलांबरोबर बाहेर ठेवायला सांगितले जाते.

दखनी मरणार नाही, तिला बोलणारे लाखो आहेत. म्हणून निहालीची आणि आपली परिस्थिती सारखी आहे असे मी म्हणत नाही. पण रकान्यात मोठ्या भाषेचे नाव लिहायचे आणि घरात बोलू ते कमी प्रतीचे मानायचे, ही जी सवय आहे, ती सारखी आहे. निहालीच्या बाबतीत तिचा शेवट दिसतो आहे. सातपुड्यातले पालकही मुलाला मराठी-हिंदी आली पाहिजे म्हणतात, आणि त्यांचे चूक नाही. मजुरी, दवाखाना, रेशन, नोकरी, सगळे त्याच भाषांत आहे. प्रश्न मराठी शिकावी की नाही हा नाहीच. प्रश्न हा आहे की मराठी शिकण्याची किंमत म्हणून आईची भाषा विसरावी लागते का.

बास्क लोकांनी याचे उत्तर देऊन दाखवले आहे. जनरल फ्रँकोच्या हुकूमशाहीत, १९३९ पासून, त्यांची भाषा शाळांतून आणि कचेऱ्यांतून हद्दपार झाली. मुलांना ती बोलल्याबद्दल वर्गात शिक्षा होई. तेव्हा पालकांनी स्वतःच्या शाळा काढल्या, त्यांना 'इकास्तोला' म्हणतात. १९६८ साली त्यांच्या भाषा अकादमीने वेगवेगळ्या बोलींमधून एक समान लिखित रूप ठरवले. त्यामागे कोल्दो मित्शेलेना या भाषाशास्त्रज्ञाचे काम होते. १९७५ साली फ्रँको मेला, १९७९ च्या कायद्याने स्पेनमधल्या बास्क प्रांतात ती स्पॅनिशच्या बरोबरीने अधिकृत भाषा झाली. आज ती साडेसात लाखांहून अधिक प्रौढ माणसे बोलतात, आणि तरुणांत ती जाणणाऱ्यांचे प्रमाण म्हाताऱ्यांपेक्षा जास्त आहे. शिवाय तिथले प्रत्येक मूल स्पॅनिश किंवा फ्रेंचही शिकतेच.

अर्थात बास्कांकडे बिल्बावसारखी शहरे होती, पोलादाचे कारखाने होते, छापखाने होते. त्यांचे पहिले छापील पुस्तक १५४५ सालचे. निहालांकडे कोरडवाहू जमिनीचे तुकडे आणि जंगल. म्हणून तिथली नक्कल इथे होणार नाही. पण उर्दू वाचणाऱ्यांसाठी आणखी एक उदाहरण आहे, ते जास्त जवळचे. पाकिस्तानातल्या हुंझा खोऱ्यात बुरुशास्की नावाची भाषा आहे. तीही एकाकी, तिलाही कोणी नातेवाईक नाही. बोलणारे साधारण एक लाख, सगळे मुसलमान. तिलाही परंपरेने लिपी नव्हती. तिथल्या नसीरुद्दीन हुंझाई या विद्वानाने ती उर्दू लिपीत थोडे बदल करून लिहिली, तिच्यात कविता केल्या, आणि पुढे कराची विद्यापीठातून बुरुशास्की-उर्दू कोश निघाला. डोंगरातल्या एका माणसाने सुरुवात केली आणि भाषेला कागद मिळाला.

निहालीसाठी देवनागरी आहेच. तिच्या शब्दांचे आवाज देवनागरीत बसतात, मी वर लिहून दाखवलेच. लागते ते मोजके : पहिली-दुसरीसाठी चित्रांचे एक छोटे पुस्तक, ज्यात 'जोप्पो' आणि 'पाणी' शेजारी शेजारी असतील. आश्रमशाळेत एक निहाली जाणणारी मदतनीस बाई, जी रडणाऱ्या मुलाशी पहिल्या महिन्यात त्याच्या भाषेत बोलेल. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० क मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी पुरवण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे म्हटले आहे. उर्दू शाळांसाठी आपण हे कलम नेहमी पुढे करतो. मग ते सोनबर्डीच्या मुलालाही लागू आहे, हे आपणच आधी म्हटले पाहिजे. हक्क मागणाऱ्याने तो दुसऱ्यासाठीही मागितला, की मागणीला वजन येते.

शेवटी एक गोष्ट आपल्या दोन्ही भाषांच्या अभिमान्यांसाठी. सगळ्या भारतीय भाषा संस्कृतच्या लेकी आहेत असे सांगणारे मराठीत पुष्कळ आहेत. उर्दू ही लष्कराच्या छावणीत शब्द गोळा होऊन बनली असे सांगणारे उर्दूत पुष्कळ आहेत. बास्क पंडितांतही एके काळी आपली भाषा थेट स्वर्गातल्या बागेतली, असे लिहिणारे होते. भाषा कोणाच्या अभिमानासाठी जन्मत नाहीत. शब्द उसने घेतल्याने कोणी बाटत नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी 'कागद', 'जमीन', 'हुकूम' आजही मराठी आहेत. आपल्याच नगर जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, तेव्हा त्यांना कोणाच्या भाषेत लिहितो आहोत असा प्रश्न पडला नाही.

महाराष्ट्र म्हणजे मराठी, हे खरे आहे. पण मराठी इथे येण्याआधी या डोंगरांत, या नद्यांच्या काठी माणसे होती, ती पाण्याला काहीतरी म्हणत होती. तो शब्द कोणता होता ते सांगू शकणारी कदाचित एकच भाषा उरली आहे. अडीच हजार तोंडांत. पुढच्या वेळी कोणी महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वारशाची यादी काढायला बसेल, तेव्हा लेणी, किल्ले, मंदिरे, मशिदी यांच्या आधी एक ओळ मोकळी सोडावी आणि तिथे लिहावे : जोप्पो.